झालेली आणि राहिलेली

आपल्याकडे जुन्या काळच्या बाईला "मुलं किती?" असं विचारलं की उत्तर दोन आकड्यांत यायचं. झालेली अमुक, राहिलेली तमुक. दोन आकड्यांमधलं अंतर तिनं स्वतःहून कधी उलगडून सांगितलं नाही आणि ऐकणाऱ्यानंही विचारलं नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात गव्हाची शेती करणाऱ्या मेनोनाइट कुटुंबांतल्या बायकांच्या जुन्या निधनवार्ता वाचताना मला हे दोन आकडे पुन्हा भेटले. 'मेनोनिटिशे रुंडशाऊ' या १८८० पासूनच्या जर्मन नियतकालिकात आणि तशाच इतर पत्रांत या वार्ता येत. त्यांचा साचा ठरलेला असे. आधी जन्मगाव आणि आईवडील, मग बाप्तिस्मा, लग्न, आजार आणि मृत्यू. वय दिवसांपर्यंत मोजलेलं. साच्याची कल्पना यावी म्हणून एक नमुना मीच रचून देते, तो कोणा एकीचा नाही: वय ६७ वर्षं, ३ महिने, १२ दिवस. संसार ४६ वर्षं, १ महिना. ११ मुलांची आई झाली, त्यांतली ४ तिच्या आधी गेली. ५२ नातवंडांची आजी. शेवटी अंत्यविधीला कोणी प्रवचन केलं आणि बायबलमधलं कोणतं वचन घेतलं, ते.

एवढ्यावर वार्ता संपते. ६७ वर्षं ती करत काय होती, याला ओळ मिळत नाही. पण चार दिवस जगून गेलेलं बाळसुद्धा त्या आकड्यातून वगळलेलं नसतं. मला या वार्तांत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. ती अकराजणांची आई होती, सातजणांची नव्हे, आणि हे छापून ठेवलं जाई.

मेनोनाइट म्हणजे कोण, हे आधी थोडक्यात सांगते. सोळाव्या शतकातल्या युरोपात ख्रिस्ती धर्मसुधारणेची लाट उसळली, तेव्हा १५२५ मध्ये झुरिक शहरात काही तरुणांनी म्हटलं की तान्ह्या बाळाला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे. माणसानं जाणत्या वयात, आपल्या मनानं तो घ्यावा. त्याचबरोबर शस्त्र धरायचं नाही, शपथ वाहायची नाही, हेही आलं. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड भागात मेनो सिमन्स नावाच्या कॅथलिक धर्मगुरूनं १५३६ मध्ये आपलं पद सोडलं आणि या विखुरलेल्या, पाठलाग होणाऱ्या लोकांना एकत्र बांधलं. त्याच्या नावावरून मेनोनाइट. काळी बग्गी आणि घोडा पाहून आपल्याला आठवतात ते आमिश लोक याच झाडाची फांदी, १६९३ च्या फुटीतून निघालेली. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या वळणाच्या मेनोनाइट बायकाही डोक्याला पांढरी जाळीदार टोपी घालतात आणि काही गट आजही बग्गीच वापरतात. कॅन्ससची शेतकरीण त्यांच्याहून निराळी. तिचे पूर्वज नेदरलँड्समधून पोलंडच्या विस्तुला नदीकाठी गेले, तिथून दक्षिण युक्रेनच्या गवताळ रानात. तिची घरातली बोली प्लाउटडीच, म्हणजे सखल प्रदेशातली जर्मन. चर्चमध्ये शुद्ध जर्मन आणि बाजारात इंग्रजी. तीन भाषांत तिचा आठवडा जाई.

रशियाची राणी कॅथरीन हिनं १७६३ मध्ये परदेशी शेतकऱ्यांना जमिनीचं आमंत्रण दिलं. पुढे मेनोनाइटांना लष्करी चाकरीतून सूट मिळाली आणि १८०४ पासून मोलोच्ना नदीकाठी त्यांची गावं उभी राहिली. त्यांतलं एक आलेक्झांडरवोल. १८७० नंतर ही सूट जाणार असं दिसू लागलं. मुलगे बंदूक धरणार असतील तर घरदार सोडू, असं म्हणून १८७४ पासूनच्या दहाएक वर्षांत सुमारे १८ हजार माणसं उत्तर अमेरिकेला निघून गेली. आलेक्झांडरवोलची मंडळी तर जवळजवळ अख्खीच उठली. 'सिंब्रिया' आणि 'ट्युटोनिया' या दोन जहाजांतून १८७४ च्या उन्हाळ्यात ती निघाली आणि कॅन्ससमध्ये तिनं रेल्वे कंपनीकडून जमीन घेतली.

त्या प्रवासात बायकांच्या हातचं काय होतं? पाव. या पावाकडे जवळून बघायला हवं, कारण या बायकांच्या आयुष्याचा धागा त्यातून जातो. त्याचं नाव त्स्वीबाक. दूध, लोणी किंवा डुकराची चरबी, यीस्ट, मीठ आणि मैदा यांची मऊ कणीक मळायची. ती फुगली की अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून पिळून तिचा गोळा काढायचा, लाडूएवढा. त्याच्या डोक्यावर दुसरा, थोडा लहान गोळा ठेवायचा आणि बोटानं मधोमध खोल दाबायचा. दाब कमी पडला तर भट्टीत वरचा गोळा घसरून पडतो. भाजून निघाला की पाव दिसतो टोपी घातलेल्या बाळासारखा. ताजा असताना तो लुसलुशीत लागतो. पण तोच फोडून मंद आचेवर पुन्हा वाळवला की आपल्या चहात बुडवायच्या टोस्टसारखा कडक होतो आणि महिनोन् महिने टिकतो. देश सोडण्याआधी घरोघरी बायकांनी हे पाव पोत्यांनी वाळवले. आगगाडीत, बंदरात, जहाजात आणि उतरल्यानंतरही पोरांच्या पोटाला आधार त्याचाच होता.

उतरले ते टोळधाडीच्या वर्षी. १८७४ च्या उन्हाळ्यात कॅन्ससवर टोळांचे ढग आले आणि उभं पीक, परसातला भाजीपाला, काही ठिकाणी तर वाळत घातलेले कपडेसुद्धा खाऊन गेले. अशा उजाड रानात रेल्वेनं बांधून दिलेल्या लांबच लांब लाकडी चाळींत अनेक कुटुंबांनी पहिला हिवाळा काढला. एका छपराखाली कित्येक चुली होत्या आणि काही बाळंतपणंही तिथेच झाली असणार.

त्यांनी सोबत गव्हाचं बियाणंही आणलं. टर्की रेड नावाचा हा लाल, कठीण दाण्याचा गहू शरद ऋतूत पेरायचा, बर्फाखाली राखायचा आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापायचा. कॅन्सस पुढे अमेरिकेचं गव्हाचं कोठार झालं, त्यात या वाणाचा मोठा वाटा आहे. इतिहासात हा गहू आणणाऱ्या पुरुषांची नावं आहेत, गिरणीमालकांची आहेत. बियाण्याचे दाणे घरातल्या लहान मुलींनी एकेक करून निवडले अशी गोष्ट मात्र तिथे अजून सांगतात. गोष्ट कितपत खरी यावर वाद आहे. पण दाणे निवडणं हे काम बायकांकडे आणि पोरींकडेच होतं, याची आठवण तरी त्या गोष्टीनं जपली.

त्या रानात लाकूड नव्हतं. मग चूल कशावर पेटायची? या लोकांनी युक्रेनमधूनच उपाय आणला होता. घराच्या मधोमध विटांची मोठी भट्टी बांधायची, तिचं तोंड स्वयंपाकघराकडे आणि भिंती चारी खोल्यांत. तिच्यात वाळलेलं गवत आणि गव्हाचं काड कोंबून दिवसातून एकदोनदा पेटवलं की विटा तापत आणि ती ऊब रात्रभर पुरे. दुसरं जळण शेणाचं. गोठ्यातलं शेण आणि काड एकत्र तुडवून, त्याच्या विटा कापून उन्हात रचून ठेवायच्या. गोवरीवर स्वयंपाक केलेल्या घरातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. शेजारच्या इंग्रजी बोलणाऱ्या वसाहतवाल्यांना मात्र त्याचं मोठं नवल वाटे.

आठवड्याला ठरलेली चाल होती. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, शनिवारी झाडलोट आणि पाव भाजणं. शनिवारी भाजायचं कारण रविवारी चूल फार पेटवायची नाही. रविवारी दुपारी फास्पा, म्हणजे तिसऱ्या प्रहरचं साधं खाणं: त्स्वीबाक, जॅम, चीज आणि कॉफी. पाहुणे सांगून येत नसत. अंगणात गाडी वळलेली दिसली की आतून पाव निघत. किती माणसं येतील याचा अंदाज तिला शनिवारी पहाटे कणीक मळतानाच करावा लागे.

उन्हाळ्यात टरबुजं. बियाणं तेही रशियातूनच आलेलं. त्यांचा रस आटवून काकवीसारखा पाक करायचा, लहान फळं खारवायची आणि भर दुपारी तळलेल्या मैद्याच्या पट्ट्यांबरोबर गारेगार फोडी खायच्या. शरद येईपर्यंत वाटाणे, चेरी, टोमॅटो काचेच्या बरण्यांत भरून तळघरात रांगा लावायच्या. नोव्हेंबर-डिसेंबरात डुकरं मारायचा दिवस. पहाटेपासून शेजारची दोनचार जोडपी मदतीला येत. पुरुष कापत आणि बायका आतडी धुऊन सॉसेज भरत, चरबी कढवत. उरल्यासुरल्या चरबीत क्षार घालून वर्षभराचा साबण. या कामांना कोणी धंदा म्हटलं नाही. तरी घरात पैसा खेळता ठेवणारं त्यातलं एक काम होतं अंड्यांचं आणि सायीचं. गव्हाचा पैसा वर्षातून एकदा येई आणि जमिनीच्या हप्त्यात जाई. कोंबड्यांचा आणि सायीचा पैसा दर आठवड्याला येई आणि किराणा, कापड, पोरांचे बूट त्यातून होत. दुष्काळाच्या १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी गहू झोपला, तेव्हा कित्येक शेतघरं या बायकांच्या कोंबड्यांनी तगवली. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. म्हणजे हे सगळं हातपंपावर आणि रॉकेलच्या दिव्यात चालत होतं.

आणि या सगळ्यात, दर दोन वर्षांनी बाळंतपण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दर हजार बाळंतपणांमागे सहा ते नऊ बायका दगावत आणि हजारातली शंभरएक बाळं वर्षाची होण्याआधी जात. आकडा एका बाळंतपणाचा आहे. अकरा वेळा त्या दारातून जाणाऱ्या बाईला तो अकरा वेळा लागू होई. खेड्यापाड्यांतल्या सुईणींच्या हातावर हे सगळं चाले. सुईण बहुधा स्वतःच सहासात मुलांची आई, रात्री-अपरात्री बर्फातून घोडागाडीनं जाणारी. कॅन्ससमधल्या न्यूटन गावात मेनोनाइट सेविकांचं रुग्णालय १९०८ मध्ये उघडलं, तेव्हा परिसरातल्या बायकांना हाताशी आपल्याच लोकांचा दवाखाना मिळाला.

बाई बाळंतपणात गेली तर नवरा अनेकदा वर्षाच्या आत दुसरं लग्न करी. मोलोच्नात तर काही महिन्यांतही करी. वाचताना आपल्याला ते टोचतं. पण आठ पोरं, गोठा, तोंडावर आलेली कापणी असं सगळं असलेल्या घराला बाई लागे आणि शेजारच्या विधवेला पुरुष लागे, हेही खरं. या ठिकाणी त्या समाजानं एक गोष्ट मोठ्या शहाणपणानं केली होती. रशियातल्या वसाहतींत 'वाइझेनआम्ट' म्हणजे अनाथांची कचेरी होती. आई किंवा बाप वारला की मालमत्तेचे दोन भाग व्हायचे. अर्धा भाग मागे राहिलेल्या जोडीदाराचा आणि अर्धा मुलांचा, त्यातही मुलगा-मुलगी समान. मुलांचा हिस्सा लिहून, पालक नेमून झाल्याशिवाय विधुराला किंवा विधवेला पुन्हा लग्न करता येत नसे. मेलेल्या आईच्या पोरींचा वाटा सावत्र आईच्या घरातही शाबूत राही. कॅनडातल्या मॅनिटोबात ही रीत पुढे बराच काळ चालली. चर्चमध्ये जिला बोलायची मुभा नव्हती, तिच्या नावे अर्धं शेत असे. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि यातलं एक पकडून दुसरं सोडलं तर ही बाई आपल्याला समजणार नाही.

चर्चमध्ये बायका एका बाजूला बसत, पुरुष दुसऱ्या. प्रवचन पुरुषांचं. अमेरिकेत मेनोनाइट मंडळीनं एका बाईला प्रथम धर्मसेवेची दीक्षा दिली ती १९११ मध्ये, फिलाडेल्फियात, आणि नंतर कित्येक दशकं तसं फारसं घडलं नाही. पण या समाजाच्या घराघरांत बायबलशेजारी जो जाडजूड ग्रंथ असे, त्यात मात्र बायका ओळीनं बोलतात. तो 'हुतात्म्यांचा आरसा', १६६० मध्ये डच भाषेत निघालेला. त्यात अँटवर्पची मेकेन व्हेन्स आहे, एका गवंड्याची बायको. १५७३ मध्ये तिला जिवंत जाळलं. जाताना तिनं लोकांशी बोलू नये म्हणून तिच्या जिभेला स्क्रू लावला होता. तिचा पंधरा वर्षांचा मुलगा धाकट्या, तीन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन गर्दीत उभा होता. जाळ लागताना तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर त्यानं राख चाळली आणि तो स्क्रू आठवण म्हणून शोधून काढला. यान लाउकेननं १६८५ च्या आवृत्तीसाठी हा प्रसंग कोरला: राखेत वाकलेली दोन पोरं. हिवाळ्याच्या रात्री भट्टीच्या उबेला बसून ही गोष्ट ऐकलेल्या मुलीला बाईनं गप्प बसावं हा नियम कसा ऐकू येत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

१९१८ मध्ये कॅन्ससच्या आयांवर पुन्हा तशी वेळ आली. अमेरिका महायुद्धात उतरली होती, ही माणसं जर्मन बोलत होती, मुलगे बंदूक धरत नव्हते. युद्धरोखे घ्यायला नकार देणाऱ्या काही मेनोनाइट शेतकऱ्यांना जमावानं डांबर फासून पिसं चिकटवली. लष्करी छावणीत नेलेले मुलगे गणवेश नाकारून कोठडीत गेले. त्याच वर्षी फ्लूची साथ आली आणि निधनवार्तांतल्या वयाचे आकडे एकदम लहान झाले.

बायकांनी स्वतःसाठी एक जागा केली होती: शिवणमंडळ. महिन्यातून एकदा जमायचं, चिंध्यांच्या गोधड्या शिवायच्या, कपडे करायचे, आणि वर्षातून एकदा लिलाव. पैसा मिशनला आणि दुष्काळग्रस्तांना जाई. यातली एक वाट आपल्यापर्यंत येते. १८९७ च्या हिंदुस्थानातल्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइटांनी धान्य पाठवलं आणि १८९९ मध्ये त्यांचे पहिले मिशनरी धमतरीला येऊन राहिले. धमतरी तेव्हा मध्य प्रांतात होतं, म्हणजे कारभार नागपूरहून चाले. तिथे पुढे रुग्णालय झालं, शाळा झाल्या. कॅन्ससच्या मंडळींचं काम धमतरीपासून फार लांब नसलेल्या चांप्याला होतं, कुष्ठरोग्यांमध्ये. शिवणमंडळाच्या सभेत ज्या बायका चांप्याचं नाव घेत होत्या, त्यांतल्या बहुतेकींनी आपला जिल्हा सोडून फारसं काही पाहिलं नव्हतं. आज जगातल्या एकूण मेनोनाइटांपैकी बहुसंख्य आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत आहेत आणि भारतातली संख्या त्यांत मोठी आहे.

आता मृत्यूकडे येते. दवाखान्यात मरायची रीत रुळण्याआधी ही शेतकरीण घरीच, आपल्या खोलीत जाई. मुलं-नातवंडं भोवती असत. ही माणसं लहानपणापासून अनेक सुरांत गाणारी. पलंगाभोवती उभं राहून तिच्या आवडीची स्तोत्रं म्हणायची रीत होती, तिचे ओठ हलेनासे झाले तरी. मग शेजारणी येत. अंघोळ घालणं, केस विंचरणं, कपडे चढवणं हे त्यांचं काम. शवपेटी गावातला सुतार करी. उन्हाळा असेल तर देह घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवत. कुटुंबातल्या कोणाला गोठ्यात जावं लागत नसे. गाई कोणी दोहिल्या, कोंबड्यांना दाणा कोणी टाकला, हे कधी कधी घरच्यांना कळतही नसे.

निमंत्रणाचं पत्र निघे. त्यावर घरांची नावं ओळीनं लिहिलेली. पहिल्या घरानं वाचून दुसऱ्याकडे पोचवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. संध्याकाळपर्यंत पत्र गावभर फिरून येई. अंत्यविधीनंतर सगळ्यांना जेवायला घालायचं असे, दोनतीनशे माणसांना. जेवण ठरलेलं, साधं: कॉफी, साखरेचे खडे आणि त्स्वीबाक. एवढे पाव एका घरच्या भट्टीत होणार नाहीत. म्हणून मोठ्या परातीत कणीक मळून तिचे वाटे शेजारच्या घरी पाठवत आणि प्रत्येकीनं आपापल्या भट्टीत भाजून आणायचे. आणून एकत्र टोपल्यांत ओतले की कोणता पाव कोणाच्या हातचा ते जाणत्या बाईला लगेच ओळखू येई. कोणाचा वरचा गोळा मोठा, कोणाचा जरा कललेला, कोणाच्या बोटाचा खड्डा खोल.

चर्चमध्ये मग तिचं जीवनवृत्त वाचलं जाई. जन्म, बाप्तिस्मा, लग्न. इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस. इतक्या मुलांची आई झाली, त्यांतली इतकी आधी गेली. वाचणारा तिथे थोडा थांबे. मागच्या बाकांवर ज्यांनी ती बाळं धुतली होती, त्या म्हाताऱ्या मनातल्या मनात त्यांची नावं घेत असणार. जेवणघरात टोपल्या मांडलेल्या असत, शेजारणींच्या सगळ्या तऱ्हांचे पाव त्यांत, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या बोटाचा ठसा असलेला एकही नाही.